गडहिंग्लजच्या अलीकडे सात दगड

शनिवार, १४ डिसेंबर २००२

त्या दिवशीचं काम एका ओळीचं होतं: अक्कांना नेसरीला पोचवायचं आणि येताना वर्षाचे तांदूळ घेऊन यायचे. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. मोतीबिंदू काढायला कोल्हापूरला आमच्याकडे आल्या होत्या. तीन आठवड्यांत त्यांनी आमच्या गल्लीतल्या निम्म्या सुनांना वळण लावलं. डॉक्टरांनी सकाळी डोळा तपासला, काळा चष्मा ठेवायला सांगितला आणि धूळ, वाकणं, ओझं या तिन्हींना बंदी घातली. अक्कांनी मान डोलावली. त्या मान डोलावतात तेव्हा ऐकलेलं नसतं, हे डॉक्टरांना कुठून ठाऊक असणार?

आमचे हे दुकान सोडून यायला तयार नव्हते. गाडी मीच चालवते. चाळिशीत शिकले, त्यामुळे नियमाने चालवते आणि घरातल्या पुरुषांपेक्षा बरी चालवते. गाडी मात्र माझ्यापेक्षा थोडीच लहान. पांढरी, अवजड, आतून दिवाणखान्यासारखी प्रशस्त. निघताना हे म्हणाले, "पाणी बघितलंस?" मी म्हटलं, "बघितलं." तेलही बघितलं होतं, हवाही. डायनामो कुणी बघत नाही.

साडेबाराला निघालो. कागल गेलं, निपाणी आलं. तेव्हा हायवेचं चौपदरीकरण चालू होतं. दर दोन मैलांवर रस्ता आपल्याला शेतात उतरवायचा आणि पुन्हा वर घ्यायचा. निपाणीच्या बाहेर तंबाखूच्या वखारींचा तो उग्र वास आला, की अक्कांना शिंका येतात. शिंकायलाही बंदी आहे की काय, ते विचारायचं राहिलं होतं. मग तवंदीचा घाट. घाट फार मोठा नाही, पण वर पोचलं की वारा असा अंगावर येतो की गाडीची दारं कुरकुरतात. तिथे थांबून आम्ही शिदोरी सोडली. ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही. कडक भाकरी ही आमच्या लिंगायत घरांतली प्रवासाची सोय. महिनाभर टिकते, सांडत नाही आणि खाताना बोलता येत नाही. शेवटचा गुण अक्कांबरोबर प्रवास करताना विशेष उपयोगी.

संकेश्वरला उजवीकडे वळून बांद्याच्या रस्त्याला लागलो. दुकानांवरच्या कन्नड पाट्या थोड्याच वेळात संपल्या आणि पुन्हा मराठी सुरू झाल्या. हा रस्ता पुढे आजऱ्यावरून घाट उतरून गोव्याकडे जातो. नकाशात हायवे, पण दोन ट्रक समोरासमोर आले की एकाला मातीत उतरावं लागतं. दोन्ही बाजूंना उसाचे फड, माणसापेक्षा उंच. तोडणी चालू होती. उसाने भरलेल्या ट्रॉल्या एकामागे एक, झुलत, दोन्ही अंगांनी दोन-दोन हात ऊस बाहेर काढून.

तीनच्या सुमाराला बॉनेटखालून किंचाळल्यासारखा आवाज आला, रबर जळल्याचा वास सुटला आणि पाण्याचा काटा लाल रेघेकडे निघाला. मी गाडी डावीकडे घेतली. पण डावीकडे जागा कुठे होती? दोन चाकं मातीत, दोन डांबरावर, आणि मागे वीस-पंचवीस पावलांवर वळण. त्याहून वाईट जागा शोधूनही मिळाली नसती.

बॉनेट उघडलं. पट्टा तुटून लोंबत होता आणि डायनामो हात लाववेना इतका तापला होता. कोल्हापुरात गाडी बंद पडली की दोन मिनिटांत सातजण जमतात आणि आठ कारणं सांगतात. इथे उसाच्या पात्यांच्या सळसळीशिवाय काही नव्हतं.

"ओ पावणं! मराय उभारलाय व्हय हितं?"

मी बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं. एक पन्नाशीचा माणूस फटफटीवर बसून बघत होता. मागे सरकीचं पोतं बांधलेलं. समोरचे दोन दात नव्हते आणि डावा खांदा उजव्यापेक्षा खाली.

"आवं, वैनी हायसा व्हय! मला वाटलं ड्रायव्हर हाय कोन." तो उतरला. "आत कोन हाय?"

"आमच्या अक्का. डोळ्याचं ऑपरेशन झालंय."

"त्यास्नी पयलं भाईर काडा. मग गाडीचं बघू."

अक्का मागच्या सीटवर उजव्या खिडकीशी काळा चष्मा लावून राणीसारख्या बसल्या होत्या. "मी न्हाय उतरणार," त्या म्हणाल्या. "धुळीत जायचं न्हाय म्हणून डाक्टरनं सांगितलंय. ह्यो कोन मला उतरवणारा?"

"आक्का, धुरळ्यानं डोळा जाईल," तो माणूस म्हणाला. "मागनं ट्रॉली आली तर सगळंच जाईल. डाक्टर ह्या रस्त्यावर राहतोय का? मी राहतोय."

अक्कांना त्यांच्याच सुरात बोलणारा माणूस फार दिवसांनी भेटला असावा. त्या उतरल्या. डावीकडच्या दाराने, कारण उजवीकडच्या दाराला त्याने हात लावू दिला नाही. पदर तोंडावरून घेऊन, त्यावर काळा चष्मा चढवून, बांधावरच्या आंब्याखाली जाऊन बसल्या. रस्त्यापासून चांगल्या तीस पावलांवर. मला वाटत होतं गाडीच्या मागच्या बाजूलाच सावलीत बसवावं. तो म्हणाला, "गाडीच्या मागं न्हाय, फुडं न्हाय. रस्त्याच्या खाली आनि गाडीच्या लांब. गाडीला कोन धडकलं तर गाडी कुटं जाईल ह्याचा नेम न्हाय."

त्याचं नाव आण्णाप्पा. बाजूच्या वस्तीवरचा. पहाटे आसपासच्या मळ्यांतलं दूध गोळा करून गडहिंग्लजच्या बाजूला डेअरीत घालायचं, हा त्याचा धंदा. बोलता बोलता त्याने ओढ्यातून दगड आणले. मोठ्या नारळाएवढे काळे दगड, एकूण सात. एक मागच्या चाकाला लावला आणि बाकीचे गाडीच्या मागे तिरक्या रेघेत मांडले, डांबराच्या कडेपासून मधल्या बाजूपर्यंत. मग कोयत्याने करंजाची मोठी फांदी तोडून वळणाच्याही पलीकडे, येणाऱ्याला आधी दिसेल अशी आडवी ठेवली. मी माझ्याकडची लाल पिशवी दिली. ती फांदीला बांधली.

"शेरात काय करतासा?" त्याने विचारलं.

"तिकोनी पाटी असते एक. ती लावतात म्हणे."

"हाय का तुमच्यात?"

"नाही."

"मग दगुडच बरा," तो म्हणाला. मग खांद्यावर हात ठेवून: "बरा म्हंजे, गाडी हाय तवर बरा. दोन वर्सामागं असाच एक ट्रक हितं फुडं बंद पडलेला. दगुड मांडलं, ट्रक नीट झाला, ड्रायव्हर गेला निघून. दगुड तितंच. पाटं अंधारात मी आलो. दिवा म्हंजे माज्या फटफटीचा, काजवा बरा. खांदा मोडला, दात गेलं. चाळीस लिटर दूध वतलं ते येगळंच. त्यो ड्रायव्हर आता कुटं असंल, त्येला काय ठावं?"

"विचारलं नाहीत का मग कुणाला?"

"कुनाला इचारू? दगडाला?"

एवढं सांगून तो मिस्त्री आणायला गडहिंग्लजला गेला. पैसे दिले तर घेईना. "मिस्त्रीला द्या. त्यो कुटं सोडतोय!"

तो जाऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. मी अक्कांजवळ बांधावर उभी होते. वळणापलीकडून ट्रॅक्टरचा आवाज आला, टेपवर गाणी ठणाणा चालू. फांदी दिसल्यावर ड्रायव्हरने ट्रॅक्टर उजवीकडे ओढला, दगड चुकवले. पण मागे दोन ट्रॉल्या होत्या आणि ट्रॉली काही ट्रॅक्टरच्या मनाप्रमाणे वळत नाही. मागची ट्रॉली आमच्या गाडीला अगदी घासून गेली. बाहेर आलेला ऊस मागच्या उजव्या खिडकीतून आत शिरला आणि मोडला. मागचा लाल दिवा फुटला. फांदी चाकात अडकून लाल पिशवीसकट पुढे गेली, ती गेलीच.

"निधान होगप्पा!" अक्का कानडीत ओरडल्या. सावकाश जा रे बाबा! गाण्यांमुळे त्याला मराठीही ऐकू गेलं नसतं.

मी जाऊन बघितलं. अक्का जिथे बसल्या होत्या त्या सीटवर उसाची दोन कांडकी पडली होती. एक तर सीटच्या पाठीत घुसलं होतं, बरोबर चष्म्याच्या उंचीवर. मी कांडकी उचलली आणि बांधावर आणली. अक्कांनी ती चाचपून बघितली आणि म्हणाल्या, "दूधवाला शाणा हाय." मग थोड्या वेळाने, "गोड असंल का गं?"

मिस्त्री सव्वाचारला आला, आण्णाप्पाच्या मागे बसून, मांडीवर हत्यारांची पिशवी. त्याने डायनामो हलवून बघितला. जाम. "ह्येला वगळतो," म्हणाला. "लहान पट्टा बसवतो. पंखा फिरंल, पानी फिरंल, गाडी गार ऱ्हाईल. पर बॅटरी भरायची न्हाय. दिवं लावलं की बॅटरी बसनार आनि गाडी बंद. तवा दिस हाय तवर नेसरी गाठा."

आण्णाप्पाला गुरांची वेळ झाली होती. फटफटीला किक मारता मारता तो म्हणाला, "वैनी, जाताना दगुड तेवढं बांधाला टाका बरं का. पाटं साडेपाचला मी ह्या वळनावर असतोय."

मी म्हटलं, "हो हो, टाकते ना." अगदी मनापासून म्हटलं.

पाच वाजून गेले तेव्हा पट्टा बसला. सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला होता. मिस्त्रीला पुढे बसवलं, अक्कांना मागे, चाकाचा दगड काढला आणि गाडी सोडली. गडहिंग्लजला मिस्त्री उतरला, त्याचे पैसे दिले, दुकानाची चिठ्ठी घेतली. त्याने पुन्हा सांगितलं, दिवे लावू नका. पुढचा सगळा रस्ता मी आकाशाकडे बघत चालवला. नेसरीच्या अलीकडच्या टेकड्या सुरेख आहेत असं सगळे म्हणतात. असतील. मला फक्त त्यांच्या मागे उतरणारा सूर्य दिसत होता. सहाला दहा मिनिटं असताना अक्कांच्या दारात गाडी उभी केली आणि अभिमानाने हॉर्न दिला, तोही एकदाच, बॅटरी जपून.

अक्कांचा मुलगा बसू तेव्हा घरी नव्हता. तो वडाप चालवतो, म्हणजे माणसं भरून नेणारी जीप. त्या दिवशी चंदगडकडे लग्नाचं वऱ्हाड घेऊन गेला होता. सुनेने पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला. मग मी सामान काढायला डिकी उघडली. अक्कांची ट्रंक, औषधांची पिशवी, आणि त्यांच्यामध्ये फडक्यावर नीट ठेवलेला एक काळा, चपटा दगड.

"हे काय?"

"दार," अक्का म्हणाल्या. "मागलं दार वाऱ्यानं आपटतंय. त्येला लावाय."

"अक्का! डॉक्टरांनी वाकू नका म्हटलंय, उचलू नका म्हटलंय..."

"मी कशाला उचलतीय? मिस्त्रीनं ठेवला."

"नेसरीत दगड मिळत नाहीत का?"

"असा चपटा मिळत न्हाय." दगडावरून हात फिरवत त्या म्हणाल्या. "ते बाकीचं सा अगदीच वबडधोबड हुतं."

बाकीचे सहा. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

चाकाचा दगड मी काढला होता, म्हणजे काय केलं होतं? पायाने बाजूला ढकलला होता. आणि मागची रांग? गाडी चालवणारा पुढे बघतो. दगड मागे असतात. आण्णाप्पाने जे मला समजावून सांगितलं, स्वतःचा खांदा दाखवून सांगितलं, तेच मी दोन तासांच्या आत केलं होतं. वर फांदी गेलेली. म्हणजे इशारा कसला तो नाहीच, नुसते दगड.

हळहळत बसायचा माझा स्वभाव नाही. मी आधी फोनच्या बूथवर गेले. मिस्त्रीच्या चिठ्ठीवर नंबर होता. घंटा वाजत राहिली, दुकान बंद झालं असणार. आण्णाप्पाचा नंबर नव्हता, आडनाव नव्हतं, वस्तीचं नाव विचारलं नव्हतं. माझी गाडी दिव्यांशिवाय जाणार नाही. गडहिंग्लजची शेवटची एसटी गेलेली. गावात दोन जीपा, एक वऱ्हाडाला आणि दुसरी वर ठोकळ्यांवर, चाकं काढलेली. बूथवाला म्हणाला, "काकी, दगुड काय, सगळ्या रस्त्यावर असत्यात की." मी म्हटलं, "ते माझे नाहीत."

जेवण उत्तम होतं, ते सांगायलाच हवं. नव्या घनसाळ तांदळाचा भात. शिजत असताना त्याचा वास शेजारच्या घरापर्यंत जातो. वर कटाची आमटी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, लोणी. कोल्हापुरात आम्ही हाच तांदूळ सणाला पुरवून पुरवून काढतो, इथे रोजचा. मी एकदाच वाढून घेतला. अक्का म्हणाल्या, "खा की. त्यो शाणा माणूस हाय, बघून जाईल."

"अंधारात काय बघणार?"

त्या उठल्या आणि तो चपटा दगड दाराजवळून उचलून, स्वतः वाकून, कोपऱ्यात भिंतीकडे सरकवून ठेवला. मी रागावले नाही.

बसू आला तसं त्याला सांगितलं. दमला होता. "मामी, सकाळी सातला पहिली फेरी हाय की माझी, जाता जाता काढू."

"साडेपाचच्या आधी."

"आवं मामी..."

"डिझेल मी भरते. सव्वाचारला उठवते."

रविवार, १५ डिसेंबर

सव्वाचारला त्याला उठवायची गरज पडली नाही. अक्का त्याच्या उशाशी उभ्या होत्या.

धुकं होतं आणि गारठा असा की जीपच्या फटींतून वारा घुसला की दात वाजत. बसूने पहिले चार मैल जांभया देत काढले. नंतर त्याने स्वतःहूनच वेग वाढवला. गडहिंग्लज झोपलेलं होतं, एक हॉटेलवाला तेवढा भट्टी पेटवत होता. तिथून पुढे माझी पंचाईत. दिवसा जे वळण मी जन्मात विसरणार नाही असं वाटलं होतं, ते अंधारात सापडेना. सगळी वळणं सारखीच, सगळीकडे ऊस. दोनदा उतरले, दोनदा चुकले. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

तिसऱ्यांदा जीपच्या उजेडात रस्त्यावर लाल ठिपके चमकले. आमच्या दिव्याच्या काचा. त्यांच्या पुढे दगड. बरोबर रांगेत चार. पाचवा कुणाच्या तरी चाकाखाली येऊन दोन तुकडे झालेला. आणि चाकाला लावलेला सहावा नेमका तिथे, जिथून दुचाकीवाला कडेने जाईल.

"बघ," मी म्हटलं.

बसूने बघितलं. मग दोन-दोन उचलून बांधापलीकडे टाकायला लागला. मी तुकडे उचलले, काचा पायाने कडेला लोटल्या. चौथा टाकत होतो तेवढ्यात वळणापलीकडून फटफट आवाज आला. दिवा खरंच काजव्यासारखा होता. तो वळण घेऊन आला, जीप बघून करकचून ब्रेक दाबला, दुधाच्या किटल्या एकमेकींवर आपटल्या.

"कोन हाय त्ये? जीप कशी उभी केलीया? वळनावर फांदी न्हाय, दगुड न्हाय, मराय आलाय व्हय?"

जीप रस्त्याच्या मधोमध होती. वळणावर आम्ही काहीही ठेवलं नव्हतं. घाईत सुचलंच नाही.

"आण्णाप्पा, मी आहे. कालची."

त्याने कानटोपी वर केली, माझ्याकडे बघितलं, बसूच्या हातातल्या दगडाकडे बघितलं.

"इसरला हुता म्हना की."

"विसरले."

"सगळीच इसरत्यात." तो फटफटीवरून उतरला. "परत आलेलं कोन बघितलं न्हवतं." त्याने एक किटली सरळ केली आणि रस्त्यावर नजर फिरवली. मग बोटांवर मोजायला लागला. "ह्यो एक, त्ये दोन तुकडं म्हंजे एकच, तितं पडल्यात त्ये... वैनी, मी सात मांडलं हुतं. सातवा?"

"तो नाहीये इथे."

"न्हाय कसा?" त्याचा चेहरा बदलला. डांबराच्या कडेने वाकून, पायाने चाचपत तो अंधारात दहा-वीस पावलं गेला. "सात हुतं. मीच मांडलं हुतं."

"आण्णाप्पा, थांबा. तो नेसरीला आहे. आमच्या अक्कांनी मागच्या दाराला लावायला नेला."

तो थांबला. मग हसायला लागला. गेलेल्या दातांच्या जागेतून वाफ बाहेर येत होती. "आक्कास्नी म्हनावं, चांगला दगुड हाय, वड्यातला. शंभर वर्सं जायाचा न्हाय." फटफटीवर बसत म्हणाला, "डोळा कसा हाय?"

"चांगला आहे."

"मग झालं." त्याने किक मारली. "ती जीप काडा आदी. डेरीचं माप बंद हुतंय." आणि काजवा गडहिंग्लजच्या दिशेने निघून गेला.

फटफटायला लागलं होतं. परतताना बसूच बोलत होता, पहिल्या फेरीला कोण कोण असतं ते सांगत होता. गडहिंग्लजच्या पुढे चढावर जीपच्या समोर पुन्हा दगड आले. जाताना धुक्यात, दुसऱ्या कडेला, ते दिसले नव्हते. पाच, विटांचे दोन अर्धे धरून सात. गाडी नाही, माणूस नाही, ऑईलचा जुना डाग तेवढा.

"आपलं न्हवंत की मामी हे," बसू म्हणाला, पण जीप थांबवलीच होती त्याने. दार उघडायला लागला.

"आधी मागे फांदी," मी म्हटलं.

त्याने फांदी तोडून चढाखाली नेऊन ठेवली. आम्ही दगड उचलून गटारापलीकडे टाकले, मोजून सात. तो जीपमध्ये बसला आणि चावी फिरवली. मी चढ उतरून गेले, फांदी उचलली, शेतात फेकली आणि मगच येऊन बसले.